पाचव्या दिवसाचा मास्तर

गेल्या महिन्यात कॉलेजच्या एका मैत्रिणीचा फोन आला होता. आम्ही ज्युनिअर कॉलेजला एकत्र होतो. मी इंजिनिअरिंगला गेलो, ती लॉला. सध्या मुंबईत असते आणि स्पर्धा कायद्याच्या केसेस बघते. मी म्हटलं, शनिवारी भेटू. तर म्हणाली, "नाही जमणार रे, क्लास आहे."

"कसला?"

"इकॉनॉमिक्सचा."

मला हसू आलं. वकील होऊन चार-पाच वर्षं झाली आणि आता ही परत वही उघडून मागणी-पुरवठ्याचे आलेख काढणार! बाईसाहेब उखडल्या. "हसू नकोस. समोरची पार्टी अर्थतज्ज्ञ घेऊन येते. तो सहा आलेख दाखवतो. त्यात गडबड कुठे आहे ते मला कळलं नाही तर मी उलटतपासणी काय कपाळ घेणार?"

मुद्दा बरोबर होता, त्यामुळे गप्प बसलो. पण फोन ठेवल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. वकील क्लास लावेल, कंपनी तज्ज्ञ आणेल. पण वर बसलेल्या न्यायाधीशाचं काय? त्याला हे कोण शिकवतं? आणि शिकवणाऱ्याचे पैसे कोण देतं?

दोन वीकेंड यातच गेले. गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आहे, कारण हा प्रयोग सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्या प्रमाणावर तिथेच झाला.

आधी प्रश्न समजून घेऊ. अमेरिकेचा शर्मन कायदा १८९० सालचा. तेल, साखर, रेल्वे यांच्या बड्या ट्रस्टविरुद्ध केलेला, म्हणून तिकडे या सगळ्या कायद्याला 'अँटीट्रस्ट' म्हणतात. कायद्याची मूळ कलमं अगदी थोडक्यात आहेत: व्यापारात अडथळा आणणारे करार करू नका, मक्तेदारी बळकावू नका. बस. पण मक्तेदारी म्हणजे किती? कशाची? हे कायद्यात लिहिलेलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एक ओळीची रिक्वायरमेंट दिली आणि बाकी सगळं कोर्टावर सोडलं.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे सेलोफेन. फुलांच्या गुच्छाला गुंडाळतात तो चुरचुरणारा पारदर्शक कागद. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सेलोफेनपैकी जवळजवळ ७५ टक्के माल ड्यूपाँ कंपनीचा होता. सरकार म्हणालं, ही मक्तेदारी. कंपनी म्हणाली, थांबा, आमची स्पर्धा नुसती सेलोफेनमध्ये नाही. मेणकागद, ॲल्युमिनियम फॉइल अशा गुंडाळायच्या सगळ्या वस्तूंशी आहे. तो अख्खा बाजार धरला तर सेलोफेनचा वाटा २० टक्क्यांहूनही कमी. १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनीचं म्हणणं उचलून धरलं.

म्हणजे बघा, कारखाना तोच, माल तोच. फक्त भागाकारातला छेद बदलला आणि मक्तेदार कंपनी साधी स्पर्धक झाली.

पुढे अर्थतज्ज्ञांनी या निकालातली मेख दाखवली. भाव वाढवला तर गिऱ्हाईक मेणकागदाकडे जातं, म्हणून दोन्ही एकाच बाजारातले, असा कोर्टाचा तर्क होता. पण मक्तेदारानं भाव आधीच ताणता येईल तितका ताणलेला असेल तर? मग त्याच्यापुढे एक पैसाही वाढला की गिऱ्हाईक पळणारच. तो स्पर्धेचा पुरावा नाही, भाव आधीच ताणून झाल्याचा पुरावा आहे. आज ही चूक 'सेलोफेन फॅलसी' या नावानंच शिकवतात. ही चूक करणारे न्यायाधीश मूर्ख नव्हते. त्यांना हा प्रश्न कसा विचारायचा हे कुणी शिकवलं नव्हतं, इतकंच.

मग न्यायाधीशाला अर्थशास्त्र पुरवायचं कसं? पहिला मार्ग एका न्यायाधीशानं स्वतःच शोधला.

मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स वायझान्स्की नावाचे न्यायाधीश होते. १९५० च्या सुमाराला त्यांच्यासमोर युनायटेड शू मशिनरी कंपनीचा खटला आला. ही कंपनी जोडे बनवायची यंत्रं तयार करायची, पण महत्त्वाची यंत्रं विकायची नाही, दहा-दहा वर्षांच्या करारानं भाड्यानं द्यायची. दुरुस्ती भाड्यातच. (सबस्क्रिप्शन मॉडेल आपल्या पिढीनं शोधलं असं ज्यांना वाटतं त्यांनी नोंद घ्यावी.) साक्षीपुराव्याचीच हजारो पानं. वायझान्स्कींनी काय करावं? हार्वर्डमधला कार्ल केसन हा तरुण अर्थतज्ज्ञ चक्क स्वतःचा लॉ क्लार्क म्हणून नेमला. लॉ क्लार्क म्हणजे न्यायाधीशाचा मदतनीस. एरवी ही जागा नुकत्याच पास झालेल्या वकिलाची. केसननं तो डोंगर उपसला, आणि १९५३ मध्ये निकाल कंपनीविरुद्ध लागला. केसननं या खटल्यावर १९५६ मध्ये पुस्तकही लिहिलं.

वाचताना मला हे भारीच वाटलं. मग एक गोष्ट लक्षात आली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असता तर दोन्ही बाजूंच्या वकिलांनी त्याला प्रश्न विचारले असते. पण केसन न्यायाधीशाच्या खोलीत बसला होता. त्यानं तिथे काय सांगितलं, कुठलं गृहीतक धरलं, यावर कुणालाही उलटतपासणी घेता येत नव्हती. हुशार माणूस, प्रामाणिक माणूस, पण त्याच्या कोडचा रिव्ह्यू झालाच नाही.

दुसरा मार्ग सरकारनं धरला. १९६५ मध्ये न्याय खात्याच्या अँटीट्रस्ट विभागाचा प्रमुख म्हणून डोनाल्ड टर्नर आला. त्याच्याकडे हार्वर्डची अर्थशास्त्रातली डॉक्टरेट आणि येलची कायद्याची पदवी, दोन्ही होत्या. त्यानं आपल्या हाताखाली खास आर्थिक सहायकाची जागा निर्माण केली. १९६६-६७ मध्ये त्या जागेवर ऑलिव्हर विल्यमसन होता, ज्याला पुढे २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच काळात श्विन या सायकल कंपनीचा खटला चालू होता. श्विननं आपल्या विक्रेत्यांवर कुणाला माल विकायचा आणि कुणाला नाही याची बंधनं घातली होती. सरकारनं मांडलेला युक्तिवाद विल्यमसनला पटत नव्हता. अशा बंधनांमागे कार्यक्षमतेचं कारण असू शकतं असं त्याचं मत होतं. पण खटला सरकारनं जिंकला, १९६७ मध्ये. आणि दहाच वर्षांनी, १९७७ च्या सिल्वेनिया खटल्यात, सुप्रीम कोर्टानं तो निकाल स्वतःच रद्द केला.

दहा वर्षांत असं काय झालं? इथे आपल्याला शिकागोला जावं लागतं.

शिकागो विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये एडवर्ड लीव्ही अँटीट्रस्ट शिकवायचा. त्याच वर्गात त्याच्या जोडीला आरन डिरेक्टर हा अर्थतज्ज्ञ असायचा. (मिल्टन फ्रीडमनचा मेहुणा.) त्या वर्गातले विद्यार्थी नंतर एक किस्सा सांगायचे. लीव्ही आठवड्याचे चार दिवस एकेक निकाल घेऊन, कोर्टाचा तर्क कसा सुसंगत आहे ते समजावून सांगायचा. पाचव्या दिवशी डिरेक्टर यायचा आणि लीव्हीनं चार दिवस जे सांगितलं ते सगळं कसं चुकीचं आहे ते दाखवायचा!

मला हा किस्सा प्रचंड आवडला. असा एक तरी विषय आपल्याला कॉलेजात असायला हवा होता असं वाटून गेलं.

डिरेक्टरनं स्वतः फारच थोडं लिहिलं, पण प्रश्न पेरले. त्यातला एक: रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलनं तोट्यात तेल विकून प्रतिस्पर्ध्यांना संपवलं असं सगळे म्हणतात, पण खरंच तसं झालं का? जॉन मॅगी नावाच्या अर्थतज्ज्ञानं खटल्याचं जुनं दप्तर वाचून काढलं आणि १९५८ मध्ये लिहिलं की पुराव्यात तसं दिसत नाही. तोट्यात विकत बसण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला विकत घेणं स्वस्त पडतं. यावरही नंतर वाद झाले, होतात. पण इतकी वर्षं गृहीत धरलेली गोष्ट कुणीतरी तपासून बघितली, हे महत्त्वाचं. त्याच वर्गातून रॉबर्ट बोर्क बाहेर पडला. कायद्याचा उद्देश ग्राहकाचं हित एवढाच, असं त्यानं १९७८ च्या आपल्या पुस्तकात मांडलं आणि पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाच्या एका निकालात त्या पुस्तकाचा दाखला आला.

आणि त्याच लॉ स्कूलचा १९५२ चा पदवीधर होता हेन्री मॅनी. माझ्या प्रश्नाचं उत्तर या माणसापाशी सापडलं.

मॅनीच्या डोक्यात आलेली कल्पना साधी होती. विद्यार्थ्यांना शिकवून ते न्यायाधीश होईपर्यंत तीस वर्षं थांबायचं कशाला? थेट न्यायाधीशांनाच शिकवू. त्यानं आधी कायद्याच्या प्राध्यापकांसाठी अर्थशास्त्राचे उन्हाळी वर्ग चालवले. १९७४ मध्ये मायामी विद्यापीठात कायदा आणि अर्थशास्त्राचं केंद्र काढलं, आणि १९७६ मध्ये फेडरल न्यायाधीशांसाठी पहिला वर्ग भरवला. हा उपक्रम पुढे एमरी आणि मग जॉर्ज मेसन विद्यापीठात गेला. सुरुवातीला दोन-तीन आठवडे चालणारा हा अभ्यासक्रम: मागणी-पुरवठा, मालमत्तेचे हक्क, थोडं संख्याशास्त्र. शिकवायला मिल्टन फ्रीडमन, आर्मेन अल्शियन अशी मंडळी. आणि फ्रीडमनच्या बरोबर विरुद्ध टोकाचा पॉल सॅम्युएल्सनसुद्धा. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, नाहीतर मॅनीवर अन्याय होईल.

वर्ग तुफान चालले. जागांपेक्षा अर्ज जास्त यायचे. उदारमतवादी आणि पुराणमतवादी दोन्ही प्रकारचे न्यायाधीश यायचे. रूथ बेडर गिन्सबर्ग आणि क्लॅरेन्स थॉमस, दोघंही सुप्रीम कोर्टात जायच्या आधी तिथे शिकून गेले. १९७६ ते १९९९ या काळात अमेरिकेतल्या जवळजवळ निम्म्या फेडरल न्यायाधीशांनी हा वर्ग केला. निम्म्या! एका माणसाच्या डोक्यातली ट्रेनिंगची कल्पना, आणि देशाच्या न्यायव्यवस्थेचा अर्धा स्टाफ.

आता पैशाचं. या केंद्राला मोठ्या कंपन्या आणि फाउंडेशन देणग्या द्यायच्या. त्यातल्या काही कंपन्यांचे खटले याच न्यायाधीशांसमोर येणार हे उघड होतं. १९८० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'नं यावर बातमी केली आणि बराच गदारोळ झाला. समर्थकांचं म्हणणं असं की वर्गात कुठल्याही चालू खटल्याची चर्चा होत नाही आणि अर्थशास्त्र हे शेवटी शास्त्र आहे, त्याला पक्ष नसतो.

हे वाक्य वाचलं आणि मला माझीच गोष्ट आठवली.

तीन वर्षांपूर्वी मला ऑफिसनं पाच दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. एका डेटाबेसचं ट्रेनिंग, तो डेटाबेस विकणाऱ्यांनीच आयोजित केलेलं. चांगलं हॉटेल, चांगलं जेवण, आणि खरं सांगतो, शिकवणाराही उत्तम. एक शब्द खोटा बोलला नाही. 'आमचंच घ्या' असंही कधी म्हणाला नाही. पण परत आल्यावर प्रत्येक प्रॉब्लेम मला त्या डेटाबेसच्याच आकाराचा दिसायला लागला. पुढच्या प्रोजेक्टला मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे त्याचीच शिफारस केली. दीड वर्षानं आम्ही ते सगळं उपसून बाहेर काढलं, तीन वीकेंड जागून. टीममधल्या एका ज्युनिअरनं सुरुवातीलाच विचारलं होतं, "सर, आपल्याला हे खरंच लागतं का?" मी त्याला आलेख दाखवून गप्प केलं होतं. ते अजून खुपतं.

मला कुणी लाच दिली नव्हती. मी विकला गेलो नव्हतो. मी फक्त *शिकलो* होतो.

असो. परत मुद्द्यावर. मॅनीच्या वर्गाचा परिणाम झाला का, हे मोजता येतं का? येतं. आणि दोन अभ्यास दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिला २०११ चा, मायकेल बाय आणि जोशुआ राइट यांचा, नेमका अँटीट्रस्टवरचा. (राइट स्वतः तेव्हा जॉर्ज मेसनमध्ये होता, जिथे हे वर्ग चालतात, हे लक्षात ठेवा.) त्यांना असं दिसलं की ज्या न्यायाधीशांनी अर्थशास्त्राचं प्राथमिक शिक्षण घेतलंय त्यांच्या निकालांवर अपील कमी होतं. पण हा फायदा सोप्या खटल्यांपुरताच. आर्थिक पुरावा गुंतागुंतीचा असला की वर्ग केलेला आणि न केलेला सारखेच. म्हणजे शिकवणीचा उपयोग आहे, पण जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच ती तोकडी पडते.

दुसरा २०२२ चा, एलियट ॲश, डॅनियल चेन आणि सुरेश नायडू यांचा. यांनी अपील कोर्टांचे प्रकाशित निकाल आणि जिल्हा कोर्टांच्या दहा लाख शिक्षांची माहिती घेतली आणि एकच न्यायाधीश वर्गाला जायच्या आधी कसा निकाल द्यायचा आणि नंतर कसा, याची तुलना केली. वर्गानंतर निकालपत्रांत अर्थशास्त्राची भाषा वाढली, हे अपेक्षितच. पण आर्थिक खटल्यांतले निकाल अधिक पुराणमतवादी झाले, सरकारी नियामक संस्थांच्या विरोधात जास्त निकाल गेले आणि अँटीट्रस्टमध्ये धोरण सैल झालं. शिवाय फौजदारी शिक्षा लांबल्या. मागणी-पुरवठा शिकून आलेला न्यायाधीश चोराला जास्त दिवस आत टाकायला लागला! गुन्हा महाग केला की कमी होईल, हाच तो तर्क.

घाईनं निष्कर्ष काढायला नको. सिल्वेनियाचा निकाल १९७७ चा, म्हणजे मॅनीचा पहिला वर्ग नुकताच झालेला. वारं आधीच फिरलं होतं, आणि डिरेक्टर-बोर्क मंडळींचे बरेचसे आक्षेप रास्तही होते. शिवाय न्यायाधीशाला अडाणी ठेवणं हा काही उपाय नाही. त्याचा पुरावा आपल्याच क्षेत्रात आहे. आयबीएमवर सरकारनं १९६९ मध्ये मक्तेदारीचा खटला भरला आणि तेरा वर्षांनी, १९८२ मध्ये, तो मागे घेतला. त्यात आयबीएमच्या बाजूचा मुख्य अर्थतज्ज्ञ होता एमआयटीचा फ्रँकलिन फिशर. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला झाला (मी तेव्हा नुकता रांगायला लागलो होतो), तेव्हा फिशर सरकारच्या बाजूनं उभा राहिला. आणि मायक्रोसॉफ्टच्या बाजूनं? रिचर्ड श्मलेन्सी. तोही एमआयटीचाच. एकाच संस्थेतले दोन नावाजलेले प्राध्यापक, एकच बाजार, दोन विरुद्ध निष्कर्ष. मधे बसलेल्या न्यायाधीशाला दोघांच्या गृहीतकांत फरक कुठे आहे हे ओळखता आलं नाही, तर तो फक्त कोणाचा आवाज जास्त ठाम आहे ते बघणार.

आपल्याकडेही हा प्रश्न येऊन गेलाय. २००२ चा स्पर्धा कायदा झाला तेव्हा आयोगाच्या अध्यक्षपदी न्यायाधीश हवा की अर्थशास्त्र-व्यापारातला तज्ज्ञ, यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २००५ मध्ये त्यावर निकाल झाला, २००७ मध्ये कायदा दुरुस्त करून तज्ज्ञांचा आयोग आणि त्याच्यावर न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालचं अपील न्यायाधिकरण अशी रचना केली, आणि मे २००९ मध्ये मुख्य कलमं लागू झाली. (ते अपिलांचं काम २०१७ पासून कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे आहे.) थोडक्यात, तज्ज्ञाच्या डोक्यावर कायदेवाला बसवला. पण त्या कायदेवाल्याला तज्ज्ञाचं म्हणणं तपासता आलं पाहिजे, हा प्रश्न उरतोच. माझ्या मैत्रिणीचा शनिवार त्यातच जातोय.

मला स्वतःला या सगळ्यातून जे कळलं ते एवढंच. केसन हुशार होता, पण बंद खोलीत होता. मॅनीच्या वर्गात शिक्षक नामांकित होते, पण न्यायाधीश घरी घेऊन गेला तो एकच चष्मा. लीव्ही आणि डिरेक्टरच्या वर्गात मात्र एकाच फळ्यासमोर दोघं एकमेकांना खोडत होते आणि विद्यार्थ्याला दोन्ही ऐकून स्वतः ठरवावं लागत होतं. पुढे डिरेक्टरचीच बाजू जिंकली, आणि तिला खोडणारा पाचव्या दिवसाचा मास्तर बराच काळ कुणी नेमला नाही. गडबड तिथे झाली असं मला वाटतं.

परवा मैत्रिणीला फोन करून हे सगळं ऐकवलं. विचारलं, "तुमच्या क्लासला शिकवणाऱ्याला खोडून काढायला कोणी येतं का?"

दोन सेकंद शांतता. मग म्हणाली, "नाही. पण प्रश्न विचारायला वेळ देतात."

"मग तूच विचार," मी म्हटलं.

मी पण सोमवारी ऑफिसात त्या ज्युनिअरला चहाला नेणार आहे. नवीन डिझाइन त्याच्यापुढे ठेवतो आणि सांगतो, यातलं काय चुकीचं आहे ते सांग. आलेख न दाखवता.